सांडपाणी, बोरूचे बन आणि माणसाचा हात



वसंत ऋतूतल्या या व्याख्यानमालेला आपण मोठ्या हौसेने येता. काल येथे संतवाङ्‌मयावर व्याख्यान झाले, उद्या संगीतावर आहे, आणि मध्येच आज मी गटाराचा विषय घेऊन उभा आहे, याची मला थोडी भीड वाटते. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी "सांडपाणी" एवढेच म्हणालो. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "नावात एखादे झाडपान घालता येईल का?" म्हणून मथळ्यात बोरूचे बन आले आहे. विषय मात्र सांडपाण्याचाच आहे.

आरंभीच सांगतो, मी इंजिनियर नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते सफाई कामगारांच्या युनियनच्या कचेरीत, रात्री दिव्याखाली, शेजारी शब्दकोश ठेवून शिकलो. तेव्हा शास्त्र सांगताना माझी चूक झाली तर येथे बसलेल्या जाणत्यांनी ती अवश्य दाखवावी. परंतु ज्या हातांवर ही सारी व्यवस्था उभी असते, त्या हातांविषयी मी जे बोलेन ते पुस्तकातले नाही. ते मी तीस वर्षे रोज पाहत आलो आहे.

आधी एक साधा हिशेब करू. माणूस दिवसाला अंघोळ, धुणे, भांडी, संडास यांसाठी जे पाणी वापरतो, त्यातले शंभरात ऐंशी भाग मोरीवाटे परत बाहेर पडते असे धरतात. माणशी शंभर लिटर सांडपाणी धरले, तर पन्नास हजार वस्तीच्या गावातून रोज पन्नास लाख लिटर घाण पाणी निघते. ते जाते कोठे? नाल्यात, नाल्यातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत. आणि नदीकाठी खालच्या अंगाला दुसरे एक गाव असते. त्या गावाची पाण्याची विहीर तेथेच असते.

सरकारने यासाठी काही केले नाही असे मी म्हणत नाही. शुद्धीकरणाची केंद्रे बांधली गेली आहेत. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला हिशेब पाहा. देशातल्या शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघते. ते शुद्ध करण्याची बांधलेली ताकद ३१,८४१ दशलक्ष लिटरांची. आणि प्रत्यक्ष शुद्ध होत होते २०,२३५ दशलक्ष लिटर. म्हणजे शंभरातले अठ्ठावीस. यातला पहिला खड्डा समजण्यासारखा आहे, गरीब देशाजवळ पैसा कमी. पण दुसरा खड्डा पाहा. जे बांधले, पैसा ओतून उभे केले, त्यातलेसुद्धा तिसऱ्या हिश्शाहून अधिक कामी आले नाही. ते का? या "का"चे उत्तर शोधणे हाच माझ्या आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

सांडपाणी शुद्ध करणे म्हणजे काय? त्यातली मुख्य घाण सेंद्रिय असते, म्हणजे कुजणारी. कुजवणारे सूक्ष्म जीवाणू पाण्यात असतातच. ते ही घाण खातात, पण खाताना त्यांना प्राणवायू लागतो. नदीत मैला सोडला की जीवाणू नदीचा प्राणवायू संपवून टाकतात आणि मासे गुदमरून मरतात. पाण्यातली घाण कुजवायला किती प्राणवायू लागेल, याच्या मापाला बी. ओ. डी. म्हणतात. हे माप जितके मोठे तितके पाणी घाण. तेव्हा शुद्धीकरणाचे सारे शास्त्र एका वाक्यात सांगता येते : जीवाणूंना नदीत जेवायला वाढण्याऐवजी आपल्या अंगणात जेवायला वाढा, आणि त्यांच्या श्वासाची सोय करा.

मोठी शहरे ही सोय यंत्राने करतात. टाकीत पाणी भरायचे आणि विजेच्या यंत्रांनी त्यात रात्रंदिवस हवा घुसळायची. पद्धत उत्तम आहे, जागा थोडी लागते. पण वीज गेली की श्वास गेला, आणि श्वास गेला की जीवाणू मेले. विजेचे बिल दरमहा येते, आणि नगरपालिकेची तिजोरी रिकामी असली की पहिला दिवा बंद होतो तो गटारावरचा. कारण बंद पडलेल्या पथदिव्याची तक्रार घेऊन दहा लोक येतात. बंद पडलेल्या शुद्धीकरण केंद्राची तक्रार घेऊन मासा येत नाही.

दुसरी वाट आहे, आणि ती निसर्गाने फार पूर्वी घालून दिलेली आहे. पाणथळ जागेत, दलदलीत, गवताच्या मुळांमधून पाणी सावकाश झिरपते आणि स्वच्छ होऊन बाहेर पडते. हे आपण माणसाच्या हाताने, मापात बांधून करू शकू काय, हा प्रश्न जर्मनीत केटे झायडेल या विदुषीने १९५० च्या दशकाच्या आरंभी हाती घेतला. पाणवनस्पती घाण पाण्यात लावून ती प्रयोग करीत राहिली. तज्ज्ञांपैकी पुष्कळांना हा वेडेपणा वाटला, कारण घाण पाण्यात झाडे जगणार नाहीत अशी त्यांची समजूत होती. झाडे जगली. पुढे राइनहोल्ड किकुट यांनी मुळांच्या थरातून पाणी नेण्याची पद्धत मांडली आणि १९७४ मध्ये ओथफ्रेझेन या गावी असे पहिले मोठे केंद्र सुरू झाले. आपल्याकडे नागपूरच्या 'नीरी'ने, म्हणजे १९५८ साली स्थापन झालेल्या आपल्या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने, याच जातीची 'फायटोरिड' नावाची पद्धत तयार केली आहे.

या बांधीव पाणथळीची रचना शेतकऱ्याला सांगितली तर त्याला चटकन समजते, कारण तो एक वाफाच आहे. हात-दीड हात खोल खणावे, तळाला पाणी जिरू नये असे अस्तर घालावे, वर खडी आणि जाड वाळू भरावी आणि त्यात नळाचे गवत लावावे. त्याच्या कांड्यांचे बोरू करून आपले पणजोबा मोडी लिहीत, त्या जातीचे हे गवत. पाणी वाफ्याच्या वर दिसत नाही, ते खडीच्या पोटातून वाहते. म्हणून वास येत नाही आणि डास होत नाहीत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते की झाड घाण शोषून घेते. शोषते, पण फार थोडी. खरे काम खडीच्या प्रत्येक खड्याला आणि प्रत्येक मुळीला चिकटून बसलेल्या जीवाणूंचे. गवत त्यांना मुळांचे घर देते, वाऱ्याने हलताना खडीतल्या वाटा मोकळ्या ठेवते आणि मुळांशी थोडी हवा पोचवते. म्हणजे बन वर दिसते, आणि काम करणारे खाली असतात, कोणाला दिसत नाहीत. मी युनियनचा माणूस, मला ही रचना ओळखीची वाटली तर नवल नाही.

या वाफ्यांचे दोन प्रकार आहेत. एकात पाणी आडवे, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश सरकते. दुसऱ्यात ते वरून सगळ्या वाफ्यावर एकदम पसरते आणि उभे खाली झिरपते. दुसऱ्या प्रकारात युक्ती अशी, की पाणी सतत सोडायचे नाही. एकदा भरपूर सोडायचे, मग विसावा द्यायचा. पाणी खाली गेले की त्याच्या मागोमाग वरून हवा खडीत ओढली जाते. हाच जीवाणूंचा श्वास. यंत्र नाही, वीज नाही.

हे सारे कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात कोठे चालले? त्यासाठी मी आपल्याला शेजारच्या नेपाळात नेतो. नेपाळ निवडण्याचे कारण असे की तो देश आपल्यापेक्षाही तंगीत आहे, आणि तेथली अडचण आपल्या अडचणीसारखीच आहे. काठमांडूच्या खोऱ्यात धोबीघाट, कोडकू, सल्लाघारी येथे सांडपाण्याची केंद्रे पूर्वी बांधली गेली होती. देखभालीअभावी ती पुढे बराच काळ बंद किंवा अर्धवट पडून राहिली. पशुपतिनाथाजवळ बागमती शुद्ध राहावी म्हणून गुह्येश्वरीला विजेवर चालणारे मोठे केंद्र उभारले. पण ज्या शहरात २००८-०९ च्या हिवाळ्यात दिवसाचे सोळा-सोळा तास वीज नव्हती, तेथे विजेवर घुसळणारे केंद्र कसे सुखाने चालावे?

अशा देशात १९९७ साली, काठमांडूच्या पूर्वेला सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या धुलिखेल गावच्या रुग्णालयाने पाणथळ वाफे बांधले. काठमांडूची 'एन्फो' ही संस्था आणि व्हिएन्नात शिकून आलेले नेपाळी तज्ज्ञ यांनी ते काम केले. रचना अशी : रुग्णालयाचे पाणी आधी तीन कप्प्यांच्या टाकीत येते, तेथे जड गाळ खाली बसतो. मग सुमारे १४० चौरस मीटरचा आडव्या प्रवाहाचा वाफा, आणि त्यानंतर १२० चौरस मीटरचा उभ्या प्रवाहाचा. म्हणजे दोन्ही मिळून एखाद्या वाड्याच्या अंगणाएवढी जागा. गाव डोंगरउतारावर आहे, त्यामुळे पाणी आपल्या वजनानेच खाली येते. आणि "एकदा भर, मग विसावा" हे काम संडासातल्या फ्लशच्या टाकीच्या तत्त्वावर होते. टाकी भरली की पाणी आपोआप एकदम सुटते, रिकामी झाली की पुन्हा भरू लागते. एक युनिट वीज लागत नाही.

फळ काय मिळाले? पहिल्या वर्षांतल्या तपासण्यांत पाण्यातला गाळ आणि बी. ओ. डी. शंभरात पंच्याण्णवाहून अधिक कमी झालेले आढळले. मैल्यातले जंतू ९९.९ टक्क्यांहून अधिक कमी झाले. ऐकून टाळी वाजवाविशी वाटते, पण मी हिशेब करायला शिकलो आहे म्हणून सांगतो : शंभर मिलिलिटर पाण्यात एक कोटी जंतू असतील आणि ९९.९ टक्के गेले, तर दहा हजार उरतात. तेव्हा हे पाणी बागेला द्यावे, झाडांना द्यावे, नदीत सोडावे, पण कोणी ते पिऊ नये.

केंद्र रोजच्या दहा घनमीटर पाण्यासाठी बांधले होते. रुग्णालय वाढत गेले आणि पाणी काही वर्षांतच अनेक पटींनी वाढले. तरीही वाफे पुष्कळ काळ तग धरून राहिले. मग हीच पद्धत खोऱ्यात इतरत्र गेली. २००५ मध्ये मध्यपुर ठिमी येथील सुंगा वस्तीत सुमारे दोनशे घरांसाठी असे केंद्र झाले. त्या केंद्राच्या आराखड्यातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. वाफ्यांच्या शेजारी त्यांनी गाळ वाळवण्याची वेगळी जागा आखून ठेवली होती. म्हणजे कागदावर रेघ ओढतानाच कोणाच्या तरी मनात आले होते की गाळ निघणार आहे, तो कोणीतरी काढणार आहे आणि तो कोठेतरी ठेवावा लागणार आहे.

आपल्याला वाटेल, यात विशेष ते काय? विशेष काय ते सांगण्यासाठी मला आपल्याच भागातली एक हकीकत सांगावी लागते. जागेचे आणि संस्थेचे नाव मी घेणार नाही.

एका वसाहतीत असाच पाणथळ वाफा बांधला होता. मोठा समारंभ झाला. छापील पत्रक वाटले, त्यात ठळक अक्षरांत होते : "वीज नको, यंत्र नको, देखभाल नको." पहिले वर्ष छान गेले. गवत पुरुषभर वाढले, त्यात पाखरे आली, शाळेची मुले पाहायला आली. दुसऱ्या वर्षी वाफ्यावर डबके दिसू लागले. तिसऱ्या वर्षी दुर्गंधी सुटली आणि रहिवासी म्हणू लागले, ही गवताची भानगड काढून टाका. दोष गवताचा नव्हता. वाफ्याआधीची गाळाची टाकी तीन वर्षांत एकदाही उपसलेली नव्हती. टाकी तुडुंब भरली आणि गाळ पुढे खडीत शिरून बसला. खडीच्या वाटा बुजल्या, पाणी वर आले.

मग घाईने टाकी उघडायचे ठरले. गाडी आणि पंप मागवायला चार दिवस लागणार होते. मुकादमाने नाक्यावरून दोन पोरे रोजावर आणली. झाकण काढले तेव्हा सडक्या अंड्यांसारखा वास भपकन आला. त्यातला एक जण टाकीशी वाकून बसला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "आता वास गेला, उतरतो." मित्रहो, हे वाक्य आपण लक्षात ठेवा. त्या टाकीत जो वायू असतो, हायड्रोजन सल्फाइड, तो थोडा असताना नाकाला जाणवतो आणि जास्त झाला की नाकाची जाणीवच मारून टाकतो. वास गेला तो वायू गेल्यामुळे नव्हे, तर वायू वाढल्यामुळे. तो शिडीने उतरला आणि तिसऱ्या पायरीवरून खाली कोसळला. दुसरा पोरगा त्याच्या मागून उडी घेणार, तेवढ्यात तेथे गवत कापायला आलेल्या आमच्या एका म्हाताऱ्या सभासदाने त्याची कंबर धरून त्याला मागे ओढले आणि तो दमेपर्यंत सोडले नाही. अग्निशामक दलाने पहिल्याला वर काढले. तो गेला होता. बावीस वर्षांचा होता.

युनियनने कागद मागवले. मी ते अंदाजपत्रक ओळीओळीने वाचले. खडी होती, वाळू होती, नळ होते, रोपे होती. उद्घाटनाचा मांडव आणि हारतुरेसुद्धा होते. माणूस नव्हता. टाकी कोण मोजणार, कधी उपसणार, त्याला पगार कोठून मिळणार, याची एक ओळसुद्धा त्या कागदात नव्हती. "देखभाल नको" हे पत्रकातले शब्द मी तेव्हा पुन्हा वाचले. त्यांचा अर्थ एवढाच होता की देखभाल करणाराचा विचार करायचा नाही. पण ज्याचा विचार केला नव्हता तो माणूस शेवटी लागलाच. तो पगारी म्हणून आला नाही, रोजावर आला. शिकून आला नाही, अडाणी आला. आणि गेला.

कायदा नाही असे नाही. २०१३ च्या कायद्याने माणसाला गटारात व मैलाटाकीत संरक्षक साधनांशिवाय उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंबद्दल दहा लाखांची भरपाई ठरवली, आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती तीस लाखांवर नेली. कायद्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे झगडा केला त्यांना माझा नमस्कार आहे. पण कायदा माणूस मेल्यावर धावतो. माणूस मरू नये ही सोय आराखड्यात, टाकीचे तोंड किती रुंद, गाडी जवळ येते की नाही, पगाराची तरतूद आहे की नाही, येथेच करावी लागते.

तेव्हा मघाच्या "का"चे माझे उत्तर असे आहे. केंद्रे बंद पडतात ती केवळ विजेअभावी नव्हे. ती माणसाअभावी बंद पडतात. पाणथळ वाफा विजेची बचत करतो, यंत्राची बचत करतो, हे खरे आहे आणि फार मोठे आहे. पण तो माणसाची बचत करीत नाही. जो म्हणेल की करतो, तो एक तर अजाण आहे किंवा विक्रेता आहे.

आणि माणूस म्हणजे नुसते दोन हात असेही समजू नका. कलकत्त्याचे उदाहरण घ्या. तेथे वाफे नाहीत, उघडी तळी आहेत, पण तत्त्व शेजारचेच आहे. शहराच्या पूर्वेला हजारो एकर उथळ तळ्यांत शहराचे सांडपाणी मोजून सोडतात. ऊन आणि शेवाळ मिळून ते पाणी सुधारतात, शेवाळावर मासे वाढतात आणि ते मासे शहर खाते. पाणी किती सोडायचे, कधी थांबायचे, जलपर्णी किनाऱ्याशी किती ठेवून बांध लाटांपासून सांभाळायचा, हे ज्ञान कोणत्या कॉलेजातून आले नाही. ते मासेमारांनी पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात उभे राहून मिळवले. ध्रुबज्योती घोष हे सरकारी इंजिनियर कलकत्त्याचे सांडपाणी जाते कोठे हे पाहायला गेले आणि त्यांना हे विद्यापीठ सापडले. त्यांनी आयुष्य त्याच्या रक्षणात घालवले. २००२ साली १२,५०० हेक्टरांचा तो प्रदेश रामसर कराराच्या यादीत आला. २०१८ मध्ये घोष गेले. मला त्यांची थोरवी यात वाटते की मासेमारांना शिकवण्याआधी ते त्यांच्याकडून शिकले.

आता आपल्या गावाकडे येतो. उष्ण हवेत माणशी एक ते दोन चौरस मीटर वाफा लागतो. पन्नास हजार वस्तीला पाच ते दहा हेक्टर, म्हणजे साडेबारा ते पंचवीस एकर. एवढी सलग जागा मोठ्या शहरात मिळत नाही, म्हणून मुंबईचा प्रश्न बोरूच्या बनाने सुटेल असे मी कधी म्हणणार नाही. पण शाळा, रुग्णालय, वसतिगृह, साखर कारखान्याची वसाहत, हजार-दोन हजार वस्तीचे गाव, नाल्याच्या तोंडाशी असलेले गावठाण, येथे ही पद्धत अगदी योग्य आहे. त्यासाठी कर्जाचा डोंगर लागत नाही आणि परदेशी सुटा भाग लागत नाही.

मात्र उद्या आपल्या नगरपालिकेत असा ठराव आला, तर आपण काही प्रश्न विचारा अशी माझी विनंती आहे. जाळीवरचा कचरा रोज सकाळी कोण काढणार? काठीला पांढरे फडके गुंडाळून टाकीतला गाळ दर काही महिन्यांनी कोण मोजणार, आणि तो तिसऱ्या हिश्शापर्यंत आला की उपसायची गाडी कोठून येणार? नळांची भोके कोण मोकळी करणार, पहिल्या पावसाळ्यात तण कोण उपटणार, वर्षाकाठी गवत कोण कापणार? काढलेला गाळ कोठे वाळणार? आणि या सर्वांची नोंद ठेवायची वही कोणाच्या हाती असणार? दोनशे घरांच्या केंद्राला हे काम दिवसाचे एक-दोन तासांचे आहे. म्हणजे एका माणसाकडे अशी तीन-चार केंद्रे सहज देता येतील. पण तो माणूस कायम असला पाहिजे, शिकवलेला असला पाहिजे, आणि त्याचे पद आराखड्याच्या पहिल्या पानावर असले पाहिजे, खडीच्या आधी.

आणखी एक गोष्ट. त्या पदाला "सफाईवाला" म्हणू नका आणि ते एकाच जातीच्या घरात वारशाने ढकलू नका. जो माणूस पाण्याची पातळी मोजतो, गाळ मोजतो, वहीत लिहितो, डबके दिसताच कारण ओळखतो, तो शुद्धीकरण केंद्राचा चालक आहे. त्याला चालक म्हणा, चालकाचा पगार द्या. मग आपल्या आणि माझ्या घरातली मुलेही त्या पदासाठी अर्ज करतील. त्या दिवशी मी समजेन की आपल्या गावाचे पाणी शुद्ध होऊ लागले.

ज्या म्हाताऱ्या सभासदाने त्या दुसऱ्या पोराची कंबर धरली, ते आता निवृत्त झाले आहेत. मी त्यांना एकदा विचारले, "काका, तुम्हाला कसे कळले की तो वायू आहे? कोणी शिकवले?" ते म्हणाले, "शिकवले कोणी नाही. भाऊ असाच गेला होता." शिक्षणाची ही रीत आपल्या देशात फार दिवस चालली. ती बंद करण्यासाठी थोडी खडी, थोडे गवत आणि अंदाजपत्रकात एक ओळ, एवढेच पुरे आहे. ती ओळ लिहून घेणे मात्र आपल्या हातात आहे, कारण अंदाजपत्रक आपल्या नावाने मंजूर होते.